मालाची यादी कोणी लिहायची?

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर बांबवड्यापासून मलकापूरपर्यंत किराणा, कृषी सेवा केंद्र, भांडी, स्टेशनरी अशा दुकानांच्या काउंटरवर आता बिलिंगचा संगणक, नाहीतर निदान मोबाइलवरचे बिलिंगचे ॲप दिसू लागले आहे. ते घेताना दुकानदार बारकाईने चौकशी करतो, पण ती यंत्राची. प्रिंटर कोणता, स्कॅनर चालेल का, लाइट गेल्यावर काय करायचे, दरवर्षी पैसे किती भरावे लागतील. यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. आपल्या दुकानातल्या मालाची यादी यात कोण भरणार आणि भरल्यावर ती वर्षभर कोण सांभाळणार? ही पुस्तिका त्याच प्रश्नासाठी लिहिली आहे. बिल करण्याचे काम यंत्र चोख करते आणि ते शिकायला फार वेळ लागत नाही. पण बिलावर जे नाव, जे माप, जो दर आणि जो कर छापून येतो, तो यादीतून येतो. यादीत चूक असेल तर यंत्र ती चूक न कंटाळता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात देते. म्हणून माझे म्हणणे असे की ही यादी दुकानदाराने स्वतः, आपल्या गिऱ्हाइकाच्या बोलीत आणि आपल्या खरेदी-विक्रीच्या रीतीप्रमाणे लिहावी. संगणक बसवून देणाऱ्या मुलावर, तयार फायलीवर किंवा कंपनीच्या बारकोडवर ती सोपवू नये. जो माल यादीत नीट लिहिलेला नसतो, तो काही महिन्यांत दुकानाच्या हिशेबातून आणि मग दुकानातूनही जातो. शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यात असा जाणारा माल बहुतेक वेळा आपल्याच भागातला असतो.

आधी मापाचे बघू, कारण बहुतेक घोटाळे दरात नव्हे तर मापात होतात. तेलाचा डबा घ्या. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर फरक पटकन लक्षात येत नाही. खाद्यतेलाचे एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. दोन डब्यांत १ किलो ३५० ग्रॅमचा फरक पडला. किलोला १५० रुपये भाव धरला तर डब्यामागे दोनशे रुपयांच्या वर जातात. यादीत नुसते ‘तेल डबा १५’ असे लिहून ठेवले, तर कधी दुकानदार बुडतो, कधी गिऱ्हाईक, आणि दोघांनाही कारण कळत नाही. बिस्किटांच्या खोक्याचेही तेच. होलसेलच्या बिलावर ‘१ बॉक्स’ लिहिलेले असते आणि आत २४ पुडे असतात. खरेदी नोंदवताना कोणी तो १ नग म्हणून भरला की पहिला पुडा विकताच संगणकातला साठा शून्यावर येतो. शेवटचा पुडा विकला जातो तेव्हा तो वजा तेवीस दाखवतो. असे वजा आकडे चार-दोन आयटमवर दिसायला लागले की दुकानदाराचा साठ्याच्या पडद्यावरचा विश्वास उडतो आणि तो पडदा उघडायचेच सोडून देतो. पुढे यंत्र फक्त पावती छापण्यापुरते उरते. यावर उपाय एकच: आयटम तयार करतानाच खरेदीचे माप कोणते, विक्रीचे माप कोणते आणि एकात दुसरी किती, हे तिन्ही भरायचे. ५० किलोचे तांदळाचे पोते किलोकिलोने विकले तर शेवटी पूर्ण ५० किलो भरत नाही. सांडते, थोडे ओल-वाळीत जाते, थोडे ताजव्याला झुकते माप देण्यात जाते. ही घट कुठे लिहायची ते आधी ठरलेले नसेल, तर वर्षअखेरीला ती चोरी म्हणून दिसते आणि संशय विनाकारण गड्यावर जातो.

डोंगरातल्या वाड्यांत भाताचा आणि नाचणीचा हिशेब बोलताना अजूनही पायलीत होतो. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा आहे, तरी बोलण्यातली पायली टिकून आहे आणि तिला नावे ठेवायचे काही कारण नाही. पण पायली हे आकारमानाचे माप आहे. एक पायली नाचणी आणि एक पायली तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही आणि हे संगणकाला आपोआप कळत नाही. दुकानदाराला मात्र ते पक्के माहीत असते, कारण माल त्याच्या हाताखालून गेलेला असतो. यादी त्यानेच का लिहावी, याचे पहिले उत्तर इथे मिळते. कोल्हापुरात किंवा पुण्यात बसून तयार केलेल्या फायलीत हे ज्ञान असूच शकत नाही.

नावांचा प्रश्न मापाइतका मोठा वाटत नाही, पण तो जास्त वेळ खातो. एकच माल यादीत ‘आंबेमोहर’, ‘आंबेमोर तांदूळ’, ‘तांदुळ आंबेमोहर’ आणि इंग्रजी स्पेलिंगचा चौथा प्रकार, अशा चार ठिकाणी सापडतो. हे मुद्दाम कोणी करत नाही. काउंटरवर गर्दी असते, मुलगा नाव टाइप करतो, ते सापडत नाही, गिऱ्हाईक घाई करते, तेव्हा तो नवा आयटम तयार करून बिल काढून देतो. त्या क्षणी त्याचे बरोबरच असते. पण त्या दिवसापासून त्या तांदळाचा साठा दोन ठिकाणी विभागला जातो, दर बदलताना एकच जागा बदलली जाते आणि जुन्या दराने बिले निघत राहतात. म्हणून नावाचा क्रम एकदा ठरवावा आणि तो मोडू नये: आधी वस्तू, मग जात किंवा प्रकार, मग ब्रँड, शेवटी वजन. ‘तांदूळ इंद्रायणी सुटा किलो’, ‘तांदूळ कोलम पॅक ५ किलो’, असे लिहिले की ‘तांदूळ’ टाइप करताच सगळे तांदूळ एकाखाली एक येतात. त्यासोबत गिऱ्हाईक ज्या नावाने मागते ते दुसरे नावही भरावे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना असतो. आपल्याकडे गिऱ्हाईक ‘चटणी द्या’ म्हणते तेव्हा त्याला कांदा-लसणाचा लाल मसाला हवा असतो. ते नाव यादीत नसेल, तर नव्याने कामावर आलेल्या मुलाला तो आयटम मिळणार नाही. मराठीत नावे भरली तर शोधायला उशीर लागतो, अशी तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणून जास्त खपाच्या मालाला दोन-तीन आकडी छोटा कोड द्यावा. नाव मराठीतच राहू द्यावे, म्हणजे बिल हातात घेतल्यावर घरच्या बाईला कशाचे किती पैसे लागले ते वाचता येते.

कराचा भाग अनेकांना हिशेबनिसाचा वाटतो. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हापासून तो यादीचाच भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, पीठ, गूळ यांवर ५ टक्के कर लागला. सुटा माल मात्र करमुक्त राहिला, आणि धान्य-पिठाच्या २५ किलोवरच्या पोत्यांनाही तो कर लागत नाही. म्हणजे रव्यातून फोडून गिऱ्हाइकासमोर तोललेला गूळ करमुक्त आणि एक किलोच्या लेबल लावलेल्या पाकिटातला गूळ करपात्र. तोच गूळ, तेच गुऱ्हाळ, पण यादीत दोन आयटम हवेतच. मग २२ सप्टेंबर २०२५ ला दरांची मोठी फेररचना झाली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास निघाले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल आणि बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर आली, छत्री १२ वरून ५ वर आली, शाळेच्या वह्यांवरचा कर गेला. त्या दिवशी यादी ज्याच्या हातात होती तो एका संध्याकाळीत तयार झाला. ज्याची यादी दुसऱ्याच्या ताब्यात होती तो फोन लावत बसला. नुकसान कसे होते ते छोट्या हिशेबाने दाखवता येते. कर धरून ११८ रुपयांची शाम्पूची बाटली कर उतरल्यावर १०५ रुपयांची झाली, असे समजू. यादीत कर १८ टक्केच राहिला तर १०५ रुपयांतले सुमारे १६ रुपये कर म्हणून दिसतील, खरा कर आहे ५ रुपये. वरचे ११ रुपये दुकानदार आपल्या खिशातून सरकारला भरतो. उलट दर कमी करायचा राहिला आणि ११८ च घेतले, तर गिऱ्हाइकाला मिळायची सूट दुकानात अडकते. दोन्ही बाजूंनी चूक एकाच रकान्यातली.

आमची उलाढाल चाळीस लाखांच्या आतली, जीएसटीची नोंदणीच नाही, किंवा कंपोझिशनमध्ये आहोत आणि गिऱ्हाइकाकडून कर घेतच नाही, मग हे सगळे कशाला, असे बरेच दुकानदार म्हणतील. आक्षेप रास्त आहे, आणि अशा दुकानाने कराचा रकाना सध्या कोरा ठेवला तरी चालेल. पण माप, नाव, एमआरपी आणि मुदत यांना उलाढालीची मर्यादा नाही. कंपनीच्या पुड्यावर नवी एमआरपी आली की जुना साठा आणि नवा साठा एकाच कप्प्यात राहतो, आणि दोन किमतींचा हिशेब लहान दुकानालाही ठेवावाच लागतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे वैधमापन कायद्याने गुन्हा आहे, मग दुकान केवढेही असो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका आयटमखाली दोन एमआरपी ठेवता येत नाहीत, ते किराणा दुकानाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृषी सेवा केंद्राची गोष्ट यापेक्षा कठीण आहे, आणि या पुस्तिकेत त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. मे महिन्याच्या शेवटी शाहूवाडीत भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते. त्या आठवड्यांत बियाणे, खत आणि औषध एकाच काउंटरवरून एकाच माणसाच्या हाताने जाते, आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के आहे, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के आहे. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो आणि उगवणशक्तीच्या तपासणीपासून पहिली मुदत नऊ महिन्यांची असते. एकाच जातीच्या दोन लॉटची यादीत एकच ओळ केली, तर बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी आला त्या दिवशी त्याला कोणत्या लॉटची पिशवी दिली होती ते सांगता येत नाही. नुकसानभरपाईची तक्रार तिथेच लंगडी पडते. नुकसान शेतकऱ्याचे होते, ठपका दुकानदारावर येतो, आणि दोघांनाही वाचवू शकणारा रकाना मात्र रिकामा राहिलेला असतो.

खताच्या बाबतीत तर साठ्याच्या नोंदीला सरकारी वजन आले आहे. २०१८ पासून देशभर अनुदानित खताची विक्री आधार पडताळणी करून ई-पॉस यंत्रावरूनच होते. ती विक्री यंत्रावर नोंदली गेली तरच कंपनीला अनुदान मिळते. तपासणीला आलेला अधिकारी यंत्रावरचा साठा आणि गोदामातली पोती जुळतात का, तेच आधी बघतो. गर्दीत शेतकऱ्याला पोते आधी दिले आणि अंगठा संध्याकाळी घेऊ म्हटले, की हे दोन आकडे लगेच फुटतात. त्यात दुकानाचे स्वतःचे बिलिंग सॉफ्टवेअर वेगळे असते. म्हणजे एकाच पोत्याच्या नोंदी दोन ठिकाणी होतात आणि दोन्हीकडे नाव, माप, दर सारखे असावे लागतात. २०१८ मध्ये युरियाचे पोते ५० वरून ४५ किलोचे झाले. जुन्या यादीत ‘युरिया ५० किलो’ तसाच ठेवून किलोने हिशेब करणाऱ्याला प्रत्येक पोत्यामागे पाच किलोची तूट दिसत राहते. ती तूट नाही, न बदललेली ओळ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बारकोडची पद्धत २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात चुइंगमच्या पाकिटापासून सुरू झाली. आज आपल्याकडच्या बहुतेक पॅकबंद मालावर ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठे झाला किंवा कसा आहे, हे त्यावरून कळत नाही. या पद्धतीने काउंटरचे काम सोपे झाले यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम गावच्या दुकानात ठळक दिसतो. ज्या मालावर बारकोड आहे त्याची ओळ आपोआप तयार होते. बचत गटाचे नाचणीचे पापड, डोंगरातला मध, हातसडीचा तांदूळ, गावातल्या गुऱ्हाळाचा गूळ, लोहाराने केलेला कोयता यांवर बारकोड नसतो. मग असा सगळा माल यादीत ‘किरकोळ’ नावाच्या एका ओळीखाली जातो आणि भाव हाताने टाइप केला जातो. महिनाअखेरीला यंत्र विक्रीचा अहवाल काढते. त्यात मुंबईच्या कंपनीचा शाम्पू किती पुडे खपला, ते शेवटच्या पुड्यापर्यंत दिसते. गावातल्या गटाचे पापड किती किलो गेले, कोणत्या आठवड्यात गेले, किती परत आले, हे काहीच दिसत नाही, दिसते ती ‘किरकोळ’ची एक रक्कम. पुढच्या महिन्याची ऑर्डर अहवाल बघून दिली जाते, म्हणून शाम्पू पुन्हा मागवला जातो आणि पापडाची आठवण कोणाला राहत नाही. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून आलेली मंडळी जाताना जो माल हमखास मागतात, त्याचाच साठा त्या आठवड्यात संपलेला असतो.

हे थांबवायला खर्च लागत नाही. दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक जगभर राखून ठेवलेले आहेत. बिलिंग सॉफ्टवेअरमधून असा क्रमांक तयार करून साध्या लेबलवर छापता येतो. वजनाचा काटा लेबल छापणारा असेल तर त्यातच वजनही घालता येते. हा क्रमांक दुकानाबाहेर चालत नाही, पण दुकानात स्कॅनरला पापड आणि शाम्पू सारखेच दिसतात. नाचणीच्या पापडाच्या ओळीत कोणत्या गटाकडून आले, कधी आले, किती दिवस टिकतात, विकून पैसे द्यायचे की रोख घ्यायचे, एवढे भरले की त्या गटाला दर महिन्याला नेमका आकडा सांगता येतो. गटाच्या बायकांना तो आकडा अनुदानाच्या घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण पुढच्या वेळी किती नाचणी दळायची ते त्यावरून ठरते.

आक्षेप आणखी तीन आहेत. पहिला, तयार यादी मिळत असताना हजारो आयटम हाताने भरायचे कशाला? तयार यादी वापरू नये असे माझे म्हणणे नाही. कंपन्यांच्या पॅकबंद मालासाठी ती जरूर घ्यावी. पण वीस हजार ओळींच्या फायलीतून आपल्या दुकानात नसलेला माल काढून टाकल्याशिवाय ती चालू करू नये, कारण ‘साबण’ टाइप केल्यावर शंभर साबण पुढे आले तर मुलगा चुकीच्याच ओळीवर बोट ठेवणार. दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. गावातल्या दुकानदाराला प्रत्येक माल, प्रत्येक भाव आणि प्रत्येक उधारी तोंडपाठ असते, त्याला यादी कशाला? ही स्मरणशक्ती खरी आहे आणि तिच्या जोरावर या तालुक्यातली दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. पण ती एकाच माणसात असते. तो आजारी पडला, मुलीच्या लग्नाला गेला, किंवा दुकान मुलाकडे आले, की ती सोबत येत नाही. यादी लिहिणे म्हणजे ती स्मरणशक्ती दुसऱ्याला वापरता येईल अशी करणे. मोठ्या भांडाराचे हे काम, असा तिसरा आक्षेपही कोणी घेईल. वारणानगरच्या वारणा बझारने सहकारातून खेड्यांपर्यंत शाखा नेल्या, तिथे मालाच्या नोंदीशिवाय चालणार नाही हे कोणालाही पटते. छोट्या दुकानात माणसे कमी आणि चूक झाकायला जागाही कमी, म्हणून तिथे ही नोंद जास्त लागते.

सांभाळण्याविषयी थोडक्यात. नवा आयटम तयार करण्याचा अधिकार दुकानात एकाकडे, फार तर दोघांकडे असावा. गर्दीत माल सापडला नाही तर मुलाने वहीत लिहून ठेवावे, संध्याकाळी त्याची ओळ तयार व्हावी. भाव माल आल्याबरोबर, खरेदीचे बिल भरतानाच बदलावा. माल बंद झाला तर त्याची ओळ पुसू नये, बंद करावी, नाहीतर मागची बिले आणि उधारीचे हिशेब अडकतात. रोज एका कप्प्याची मोजदाद केली तर महिन्या-दीड महिन्यात सगळे दुकान मोजून होते आणि दिवाळीला दुकान बंद ठेवून मोजत बसावे लागत नाही. पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातात, म्हणून यादीची प्रत आठवड्याला पेन ड्राइव्हवर काढून घरी ठेवावी. या सगळ्याच्या रीती पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहेत.

दुकानदारांना आणि दुकानात आता हाताखाली आलेल्या मुला-मुलींना एक विनंती आहे. पहिल्याच दिवशी सगळे दुकान भरायला घेऊ नका. आधी जो माल बारकोडशिवाय येतो त्याच्या ओळी लिहा: सुटे धान्य, गूळ, नाचणी, गटाचे पापड, मध, कोयते. नाव तुमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडचे घाला आणि माप स्वतः तोलून भरा. कंपन्यांचा माल स्कॅनर उद्याही वाचेल.